जळगावात भाजीचा हंगामी वाटा: ४००० रुपये आगाऊ भरावेत का?

महाबळकर:
भादली रस्त्याला एक शेतकरी रब्बीचा भाजीवाटा सुरू करतोय. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून १६ आठवडे, दर शनिवारी ५ किलो मिसळीची भाजी. सकाळी महाबळमध्ये एका ठिकाणी आणून ठेवणार, तिथून आपण उचलायची. ४००० रुपये, सगळे आगाऊ. क्षेत्र १५ गुंठे, ठिबक आहे, विहिरीला पाणी आहे. सभासद ६० घेणार. 'विषमुक्त' म्हणतो, कागद काही नाही. आमच्या घरात चार माणसं.
तर दर बरोबर आहे का, सगळे पैसे आधी द्यावेत का, आणि भरण्याआधी काय तपासावं? सप्टेंबर संपत आला, १० ऑक्टोबरच्या आत नाव द्यायचं आहे.

धुळेकर:
भाऊ, वांगं भरीतनं शे का भाजीनं, हाई पहिले ईचारा. बाकी बठ्ठं नंतर.

हिशेबनीस:
दर नंतर बघू, आधी क्षेत्र. ६० घरं गुणिले ५ किलो म्हणजे आठवड्याला ३०० किलो. १६ आठवड्यांचे ४८०० किलो. ते १५ गुंठ्यांतून काढायचे तर गुंठ्याला ३२० किलो, हेक्टरी ३२ टन. नुसते टमाटे लावले तर निघतीलही. पण मेथी, पालक, भेंडी, वाल असं सगळं मिसळून चार महिन्यांत गुंठ्याला १५० ते २०० किलो धरावेत, तेही सगळं नीट झालं तर. म्हणजे १५ गुंठ्यांवर २२५० ते ३००० किलो. भागिले ८० (एका घराचा हंगामाचा वाटा). २८ ते ३७ घरं.
उरलेल्या घरांची भाजी कुठून येणार? बाजार समितीतून. मग ती भाजी तुम्ही स्वतःच सुभाष चौकातून आणा की.

बांधावरचा:
हिशेबनीस, गणित बरोबर पण एक गोष्ट सुटली. पालेभाजीचा वाफा चार महिन्यांत दोनदा-तीनदा निघतो. मेथी ३० दिवसांत मोकळी, लगेच त्याच जागी मुळा किंवा पालक. पालकाचं पहिलं कापणं ३०-३५ दिवसांनी, मग दर १५-२० दिवसांनी. म्हणून गुंठ्याचा आकडा पिकागणिक वेगळा काढावा लागतो. ३० घरांसाठी असा बसतो:

मेथी: घरी ३०० ग्रॅमची एक जुडी, आठवड्याला ९-१० किलो. हेक्टरी ७ टन धरले तर गुंठ्याला ७० किलो. नासधूस धरून दर आठवड्याला पाव गुंठा पेरायचा, ७०-८० ग्रॅम बी. एकदम एक गुंठा पेरला की एका आठवड्यात मेथीच मेथी आणि पुढचे तीन आठवडे कोरडे.

भेंडी: घरी अर्धा किलो, म्हणजे १५ किलो. गुंठ्यातून तोडा चालू असताना आठवड्याला १२ किलोच्या आसपास. सव्वा लागतो, दोन गुंठे ठेवा.

टमाटे: घरी किलोभर, ३० किलो. कमी खर्चाच्या पिकात एका गुंठ्याने भागेल असं कागदावर दिसतं. करपा आला की अर्धं जातं, म्हणून दोन गुंठे.

वांगी: घरी पाऊण किलो. सव्वा गुंठा पुरतो, दोन गुंठे ठेवा.

गिलके आणि दोडके मिळून दीड-दोन गुंठे, मांडवावर.

त्यावर मिरची, मुळा, गाजर, कोबी-फ्लॉवर, कांदापात. सगळं मिळून लागवडीचे १५ गुंठे झाले. रोपवाटिका, पायवाटा, सरीवरंबे धरले की २०. तिसेक घरांना अर्धा एकर, हे माप लक्षात ठेवा. १५ गुंठ्यांत ६० घरं हे फार ताणलेलं आहे.

गिलकेवाला:
दीड-दोन गुंठे गिलके-दोडके म्हणे! पहिल्या तीन आठवड्यांत गिलक्याची भजी, चौथ्या आठवड्यात भरीत, पाचव्यात शेजारीण दार उघडत नाही.

तापीकाठ:
गिलकेवाला, काळजी नको, तुमचा पूर डिसेंबरात आपोआप ओसरतो. थंडी पडली की वेलवर्गाची वाढ थांबते, जानेवारीत आपल्याकडे पारा १० च्या खाली उतरतो तेव्हा फूलच धरत नाही. भेंडीचंही तसंच. त्यामुळे 'सोळाही आठवडे भेंडी देऊ' असं कोणी म्हणालं तर ओळखून घ्या.

मूळ प्रश्नाकडे. महाबळकर, पैसे भरण्याआधी एकच काम करा, आत्ताच शेतावर जा. नोव्हेंबरात पेटी भरायची तर शेतात आज काय उभं असलं पाहिजे, हे ठरलेलं आहे. उलटं मोजा:

वांग्याला लावणीपासून पहिल्या तोड्यापर्यंत ६५ ते ७५ दिवस. म्हणजे लावणी ऑगस्टच्या मध्यात झालेली हवी, आणि त्याआधी चार-पाच आठवडे रोप टाकलेलं. आज झाड फुलावर दिसलं पाहिजे.
टमाट्याला ६०-६५ दिवस. लावणी ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला झालेली हवी. आज गुडघ्याएवढं झाड, बांधणीच्या काठ्या रोवलेल्या.
फ्लॉवर लवकर येणाऱ्या जातीचा असेल तर रोपं जमिनीत गेलेली हवीत.
भेंडी ४५-५० दिवसांत सुरू होते, ती उगवून वर आलेली हवी. गिलके-दोडके ५५-६० दिवस, वेल मांडवाला लागलेले हवेत.
डांगर (लाल भोपळा) जुलैतलंच असणार. ते ऑक्टोबरात निघतं आणि देठ चार बोटं ठेवून काढलं, सावलीत हवेशीर ठेवलं, तर दोन-तीन महिने टिकतं. ज्याच्याकडे डांगर, कांदा, लसूण, रताळी असा साठा आहे, त्याची पेटी आयत्या वेळी रिकामी जात नाही.
मेथी, पालक, मुळा आज दिसणार नाहीत, ते १ ऑक्टोबरनंतर पेरले तरी चालतात. पण वाफे तयार हवेत. आपल्या काळ्या जमिनीत सपाट वाफ्यात परतीचा पाऊस साचला की मेथीची रोपं मुळाशी कुजून आडवी पडतात. गादीवाफा, निदान वीतभर उंच.

आज शेतात मका आणि कपाशीच उभी असेल, आणि 'पुढच्या आठवड्यात भाजी लावतोय' असं उत्तर आलं, तर ४००० खिशातच राहू द्या. डिसेंबर उजाडेपर्यंत तुम्हाला पालेभाजी आणि मुळेच मिळतील.

कांदापात:
गाजर पहिल्याच महिन्यात मागू नये कोणी. ९० दिवस लागतात आणि उष्णतेत रंग भरत नाही. डिसेंबरच्या मध्यानंतर. शिवाय भारी काळ्या जमिनीत गाजराला फाटे फुटतात, सरळ गाजर हवं तर वरंब्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी नदीची रेती मिसळावी लागते. फाटे फुटलेलं गाजर चवीला तेच असतं, पण सभासद फोटो काढून ग्रुपवर टाकतात.

मेथीची_जुडी:
स्वयंपाकघराच्या बाजूने लिहिते. ५ किलो हे वजन कशाचं, ते विचारा. डांगराची दोन किलोची फोड, किलोभर मुळे पाल्यासकट आणि मातीसकट मेथी घातली की ५ किलो भरतात आणि भाजी तीन दिवसांची होते. माझ्या मते वजनाबरोबर प्रकार ठरलेले हवेत: दर आठवड्याला निदान सात प्रकार. त्यात दोन पालेभाज्या, दोन फळभाज्या, एक शेंग (चवळी, गवार, वाल, घेवडा, हंगामाप्रमाणे), एक कंद किंवा मूळ, आणि मिरची-कोथिंबीर-लिंबू यांपैकी काहीतरी. जुडी मुळं धुऊन, माती झटकून मग तोलायची.

दुसरं, चातुर्मास. आपल्याकडे बऱ्याच घरांत आषाढी एकादशीपासून वांगं बंद, ते थेट चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावर सुटतं. कांदा-लसूणही काही जण पाळतात. वाटा नोव्हेंबरात सुरू होतोय आणि चंपाषष्ठी मार्गशीर्षात, म्हणजे पहिले तीन-चार आठवडे निम्म्या घरांना वांगं नकोय. आणि नेमकं तेव्हाच वांग्याचं झाड भरात असतं! यावर उपाय अदलाबदलीची टोपली. वाटप होतं तिथे एक रिकामं क्रेट ठेवायचं. ज्याला वांगं नको त्याने त्यात टाकायचं, दुसऱ्याने ठेवलेलं त्याच तोलाचं उचलायचं. शेतकऱ्याला विचारायची गरजच पडत नाही.

धुळेकर:
ताई, त्या टोपलीतली वांगी उरली की मले सांगा.

नानाजी_यावल:
भरताच्या वांग्यावरून आठवलं. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी केळीलाही. तेव्हापासून प्रत्येक हिरवट-पांढरं वांगं 'भरताचं' म्हणून खपवलं जातं. बामणोद, आसोद्याकडचं खरं वांगं हातात घेतलं की मोठं असूनही हलकं लागतं, बी कमी, गर मऊ. जड लागलं तर बी भरलंय. वाट्यात भरताचं वांगं नगावर द्यावं, किलोवर नको, घरागणिक दोन मोठी नगं. त्याच्या तोट्याचं गणित असं की एका फळाला अळीचं भोक पडलं की अर्धा किलो गेला. भाजीच्या काटेरी छोट्या वांग्यात एक गेलं तर कळत नाही.

सातपुडा_पायथा:
अळीवरूनच 'विषमुक्त'वर येतो. वांगं हे या शब्दाची खरी परीक्षा घेतं. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी न फवारता आवरायची तर पुढची कामं शेतात दिसली पाहिजेत:
१. एकरी १०-१२ कामगंध सापळे (नर पतंगाला वासाने ओढणारे), त्यातली वासाची गोळी महिन्याभरात बदललेली.
२. सुकून माना टाकलेले शेंडे दर आठवड्याला खुडून शेताबाहेर नेऊन जाळलेले. बांधावरच टाकले तर अळी तिथेच कोष करते आणि पतंग परत येतो.
३. पाच टक्के निंबोळी अर्क. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळून १०० लिटर पाणी करायचं, त्यात २०० ग्रॅम साबणचुरा. त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचा, शिळा अर्क कामाचा नाही.
गिलके-दोडक्यात फळमाशीचे क्यू ल्यूरचे सापळे हवेत. भेंडीत पानांच्या शिरा पिवळ्या पडलेली झाडं उपटलेली हवीत, हा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो, त्या झाडाला औषध नाही.
हे सगळं असेल आणि पेटीत दहातलं एक वांगं किडकं येत असेल, तर तो खरं बोलतोय. सोळा आठवडे एकही भोक नसलेली गुळगुळीत वांगी आली, तर मी उलट जास्त प्रश्न विचारीन.

कागदाचं म्हणाल तर पीजीएस-इंडिया म्हणून सहभागी हमी पद्धत आहे. किमान पाच शेतकऱ्यांचा गट, एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. हंगामी पिकांना रूपांतराचा काळ साधारण दोन वर्षांचा, तोपर्यंत 'ग्रीन', नंतर 'ऑरगॅनिक'. एकट्या शेतकऱ्याकडे कागद नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. मात्र वही मागा. तारीख, पीक, काय फवारलं, किती, तोडा कधी. रासायनिक फवारलं असेल तरी चालेल एक वेळ, पण डब्याच्या लेबलवर फवारणी ते तोडणी जितके दिवस लिहिलेत तितके पाळल्याचं वहीत दिसलं पाहिजे. वही नसेल तर 'विषमुक्त' हा शब्द पावतीवरून काढायला सांगा.

पऱ्हाटी:
आणि शेजारी काय आहे ते बघा. भादलीकडे चारी बाजूंनी कपाशी. ऑगस्ट ते ऑक्टोबर शेजाऱ्याचा पंप चालू असतो आणि वारं कोणाच्या बांधावर थांबत नाही. ज्या बाजूने वारं येतं त्या बाजूला मका किंवा ज्वारीच्या चार-पाच दाट ओळी, आणि बांधालगतच्या दोन सऱ्यांची भाजी वाट्यात द्यायची नाही. पालेभाजी कायम मधोमध. एवढं केलेलं असेल तर माणूस जाणता आहे.

पुण्यात_खानदेशी:
इकडे हे सगळं ॲपवर चालतं, आठवडाभर आधी भाजी निवडता येते. मुळात ही पद्धत जपानात १९७० च्या दशकात 'तेइकेई' नावाने वाढली, अमेरिकेत १९८६ च्या सुमारास दोन शेतांवर सुरू झाली. गाभा असा की सभासदाने हंगामाआधी पैसे द्यायचे आणि पिकलं-बुडलं दोन्हीत वाटेकरी व्हायचं. निवड द्यायला लागलात की ते दुकान होतं.

गिलकेवाला:
जपान राहू द्या, भादलीचं बोला. निवड दिली तर गिलके कोण घेणार?

आडतगल्ली:
पुण्यात_खानदेशी यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, पैशाचा सगळा वाद तिथेच आहे. पीक बुडालं तर कोणाचं? हे लिहिलेलं नसेल तर सभासद समजतो की पैसे परत मिळतील, शेतकरी समजतो की गेले. दोघं प्रामाणिक असूनही भांडण.

माझ्या मते कागदावर एवढं हवं.
हप्ते: सगळे ४००० आधी नकोत. अर्धे नाव देताना, कारण बी, रोपं, मल्चिंग, मजुरी हा खर्च त्याचा आत्ता होतोय, तो उधारीवर कृषी केंद्रातून उचलावा लागू नये हाच तर आगाऊचा हेतू. उरलेले आठव्या पेटीला. सोळा हप्ते मात्र करू नका. मग पेटी आवडली नाही त्या आठवड्याला निम्मे लोक पैसे देत नाहीत आणि त्याने तोडलेली भाजी पडून राहते.
बुडीत: एखाद्या पिकाचं नुकसान झालं तर वजन दुसऱ्या भाजीने भरून द्यायचं. सगळ्या शेताचं नुकसान झालं (गारपीट, परतीचा पाऊस, विहीर आटणं) तर किती आठवड्यांचा खाडा सभासदाने सोसायचा, तो आकडा. दोन बरा. त्यापुढचे आठवडे हंगाम लांबवून द्यायचे.
बाहेरची भाजी: बाजारातून आणून भरली तर पाटीवर लिहायचं. कांदा-बटाटा बाहेरचा चालेल असं आधीच ठरवून टाका, बटाटा इथे कोणी वाट्यापुरता लावत नाही.
पहिला हक्क: हा मुद्दा सगळे विसरतात. भाव कडाडला की गाडी वाट्याकडे न येता मार्केटकडे वळते. खरिपाच्या वाट्यात हे हमखास होतं, श्रावणात पालेभाजीला आणि पितृपक्षात गवारीला जो भाव येतो त्यात कोणाचाही पाय घसरेल. रब्बीत धोका कमी. तरी लिहा: आधी पेट्या भरायच्या, उरलेलं विकायचं.

आणि कोणी 'बाजार समितीबाहेर विकता येतं का' असं विचारण्याआधीच सांगतो, येतं. २०१६ पासून फळं-भाजीपाला नियमनातून मोकळा आहे.

हिशेबनीस:
दराबद्दल राहिलं होतं. ४००० भागिले ८० म्हणजे सरासरी ५० रुपये किलो. डिसेंबर-जानेवारीत बाजारात भाजी वर्षातली सगळ्यात स्वस्त असते, टमाटे आणि मेथी तर मातीमोल. त्यामुळे रब्बीच्या वाट्याला ५० हा दर चढाच आहे. तोच माणूस खरिपात ५० ने देत असेल तर डोळे मिटून वाटा घ्या. रब्बीत ४० बरोबर, म्हणजे ३२००, वर शनिवारची पोच पेटीमागे ३० धरून ४८०. एकूण ३६८०. कीड नियंत्रण खरोखर सातपुडा_पायथा सांगतात तसं हाताने होत असेल तर वरचे ३२० रुपये त्या मजुरीचे समजा, मी घासाघीस करणार नाही.

काटा_वजन:
आठवड्याच्या आठवड्याला बाजारभावाशी तुलना करणाऱ्याने वाटा घेऊच नये. जानेवारीत रडेल.

बांधावरचा:
पोच हा वेगळाच विषय आहे, त्याकडे शेतकऱ्यांचंही लक्ष नसतं. ६० पेट्या भरायच्या म्हटलं तर एका पेटीला चार-पाच मिनिटं, म्हणजे चार-पाच तासांचं काम. दोन बायका पहाटेपासून लागल्या तरी आठ वाजतात. त्यापेक्षा पेट्या भरूच नयेत. भाजीची क्रेटं महाबळच्या जागेवर ओळीने मांडायची, दोन वजनकाटे, आणि वर पाटी: 'मेथी १ जुडी, टमाटे १ किलो, वांगी पाऊण किलो, मिरची १०० ग्रॅम…' सभासद पिशवी घेऊन येतो, ओळीने भरत जातो. मजुरी वाचते, प्लास्टिक वाचतं, अदलाबदलीची टोपली शेवटी ठेवायची.

तोडणीचं. भेंडी, वांगी, टमाटे, गिलके त्याच दिवशी पहाटे. टमाटे पूर्ण लाल नकोत, रंग धरलेले हवेत. मेथी-पालक थंडीच्या दिवसांत आदल्या संध्याकाळी काढावी, कारण सकाळी पानावर दव असतं आणि ओलं पान क्रेटमध्ये दाबलं की दुपारपर्यंत काळं पडतं. मुळं धुवायची, पानावर पाणी नाही, जुड्या उभ्या, ओल्या गोणपाटावर, रात्रभर सावलीत. क्रेटच्या तळाशी डांगर-मुळे, पालेभाजीवर काहीही ठेवायचं नाही. नऊच्या आत वाटप संपलं पाहिजे, फेब्रुवारीत तर आठच्या.

मेथीची_जुडी:
घरी आणल्यावरचंही लिहा कोणीतरी, नाहीतर शेतकऱ्याच्या नावाने बोंब आणि दोष फ्रीजचा. भेंडी, वांगी, टमाटे फ्रीजच्या थंड कप्प्यात नको. वांग्याच्या सालीवर खड्डे पडतात, आतलं बी काळपट होतं. टोपलीत बाहेर, थंडीत चार दिवस सहज. मेथी त्याच दिवशी निवडून सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये. मुळ्याचा पाला लगेच कापून वेगळा करा, तो पानांवाटे मुळ्यातलं पाणी ओढतो आणि मुळा पोकळ पडतो. खाण्याचा क्रम: शनिवार-रविवार पालेभाज्या, मग भेंडी-गिलके, मग वांगी-फ्लॉवर, शेवटी कोबी, गाजर, डांगर. आणि शुक्रवारी काहीच उरलं नाही तर शेवभाजी कुठे गेली नाही.

नंदुरबारी:
हरभऱ्याची भाजी वाट्यात मागून घ्या. पेरणीनंतर महिन्याभराने शेंडे खुडले की झाडाला फांद्या जास्त फुटतात, म्हणजे त्याचाच फायदा आणि आपल्याला भाजी. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या ओल्या शेंगाही. या दोन्हींसाठी वेगळं क्षेत्र लागत नाही, बांधावर आणि शेजारच्या वावरात असतंच. पेटीला सहा-सात प्रकार भरायचे तर असल्या गोष्टींनीच भरतात.

महाबळकर:
सगळ्यांचे आभार. शेतावर गेलो. जे दिसलं ते लिहितो.
वांगी फुलावर आहेत, निम्मी भरताची, निम्मी काटेरी. टमाट्याला काठ्या लागल्यात. गिलके-दोडके मांडवावर. डांगर दिसलं नाही. गादीवाफे तयार, मेथी दर आठवड्याला पेरणार म्हणतो. कामगंध सापळे आहेत पण गोळी कधी बदलली ते सांगता आलं नाही. वही नाही. पश्चिमेला मक्याच्या ओळी आहेत, उत्तरेला कपाशी थेट बांधाला लागून.
क्षेत्राचं विचारलं तर १५ गुंठे ही फक्त ठिबकवरची जागा, मांडव १० गुंठे वेगळा. म्हणजे एकूण २५.
हप्त्यांना तयार आहे. अर्धे आता, अर्धे आठव्या आठवड्याला. सभासद कमी करायला नाखूश.

हिशेबनीस:
२५ गुंठे म्हणजे ३७५० ते ५००० किलो. ६० घरांना ४८०० लागतात, म्हणजे सगळं उत्तम पिकलं तरच. त्याला सांगा पहिल्या वर्षी ४० घ्या, ३२०० किलो लागतील, खालच्या अंदाजातही बसतं. उरलेलं मार्केटला विकून त्याला तोटा नाही. आणि मांडवाचे १० गुंठे थंडीत बसून राहणार हे तापीकाठ यांनी सांगितलंच आहे, त्यामुळे डिसेंबरनंतर त्याच्याकडे १५ च उरतात. मांडवाखाली तेव्हा काय घेणार हे विचारलंत का?

तापीकाठ:
हाच प्रश्न. वेल नोव्हेंबरअखेर मंदावले की मांडवाखाली ऊन पोचतं. तिथे पालक, कोथिंबीर, कांदापात, वाल घेता येतो. कोथिंबिरीचं बी रगडून दोन फाकी करून रात्रभर भिजवलं की उगवण चांगली. पेरणी मात्र नोव्हेंबरच्या मध्यातच हवी, वेल वाळायची वाट पाहत बसला तर जानेवारीच्या पेट्या हलक्या होतील. डांगर नाही तर त्याला आत्ताच गावातून ३०-४० नगं विकत घेऊन ठेवायला सांगा, पाटीवर 'बाहेरचं' लिहून. आता स्वस्त मिळतील.

सातपुडा_पायथा:
माणूस शेतीत पक्का दिसतो, लिहिण्यात कच्चा. वही तुम्ही सभासदांनीच नेऊन द्या आणि भिंतीला टांगा. आठवड्यातून एकदा फोटो ग्रुपवर. उत्तरेच्या बांधालगतच्या दोन सऱ्या वगळायला सांगा, आणि तोवर 'विषमुक्त'ऐवजी पावतीवर काय फवारलं तेवढंच लिहू दे.

महाबळकर:
४० वर तयार होत नाही, ४५ म्हणतोय. मांडवाखाली पालक-कोथिंबीर घ्यायचं कबूल केलं. मग एक शंका: शेजारच्या दोन घरांत दोन-दोनच माणसं आहेत. त्यांना अडीच किलोचा अर्धा वाटा मागावा का?

आडतगल्ली:
४५ म्हणजे ३६०० किलो, ठीक, घ्या. अर्धा वाटा मात्र मागू नका. अडीच किलोत सात प्रकार घातले तर प्रत्येकाचं माप पाव-अर्धा किलो होतं. तोलणं दुप्पट, फ्लॉवरचा अर्धा गड्डा कोणाला द्यायचा हा रोजचा वाद. दोन घरांनी मिळून एक पूर्ण वाटा घ्यायचा, एका शनिवारी एकाने, पुढच्या शनिवारी दुसऱ्याने. यादीत नाव एकच, पैसे एकाकडूनच. आठवडा बदलायचा असेल तर त्यांनी आपसात बदलायचा, शेतकऱ्याला फोन नाही.

गिलकेवाला:
आणि गिलक्याचा शनिवार ज्याच्या वाट्याला येईल त्याने तो बदलायचा नाही.